गाडी घसरते कशी, सावरते कशी?

घर आणि विज्ञान



सिरोंच्याच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा दहावीत, मुलगी आठवीत. घरच्यांबरोबर तेंदूपत्त्याच्या हंगामात राबून मुलाने चार पैसे बाजूला ठेवले आणि पूल ओलांडून मंचेरियालहून रिमोटवर चालणारी मोटार आणली. आता त्याला ती ‘ड्रिफ्ट’ करायची आहे. म्हणजे वळणावर मुद्दाम आडवी घसरवत न्यायची आहे. मोबाईलवर पाहून त्याने नव्या गाडीच्या चाकांचे रबरच काढून टाकले. घरात त्यावरून बोलणी झाली. भगिनी विचारतात, “नवी वस्तू उचकटण्यात कसले आले शिक्षण?”

ताई, रबर काढले ते पोराने बरोबरच केले. मात्र नुसते काढून भागत नाही. त्या जागी काय बसवायचे, का बसवायचे आणि बसवल्यावर काय तपासायचे, हे कळले तर ते शिक्षण होते. नाही कळले तर मोडतोड होते. या दोहोंमधील अंतर एका वहीचे आणि पेन्सिलीचे आहे. ते कसे, ते आज पाहू.

घसरण्याचा खेळ

हा खेळ जपानचा. तेथील डोंगरी नागमोडी रस्त्यांवर गाड्या आडव्या करून वळवण्याचे कसब काही चालकांनी कमावले. केईची त्सुचिया हे त्यांतले गाजलेले नाव. २००० सालाच्या सुमारास तेथे या कसबाच्या ‘डी वन’ नावाच्या स्पर्धा सुरू झाल्या. तेच कसब मग एक दशांश आकाराच्या रिमोटच्या गाड्यांवर उतरले. तामिया आणि योकोमो या जपानी कंपन्यांनी त्यासाठी खास गाड्या काढल्या.

या खेळात जो आधी पोहोचला तो जिंकला, असे नसते. गाडी आखलेल्या ओळीवरून गेली का, किती कोनात आडवी झाली आणि तो कोन तिने शेवटपर्यंत सांभाळला का, हे पाहतात. म्हणजे ही वेगाची परीक्षा नव्हे, ताब्याची परीक्षा आहे.

गाडी घसरते ती का?

चालती गाडी वळवायची तर कोणीतरी तिला वळणाच्या आतल्या बाजूला ओढून धरावे लागते. हे काम चाक आणि जमीन यांच्यातील घर्षण करते. घर्षणाची ताकद मर्यादित असते. वेग वाढला की लागणारी ओढ वाढते, आणि मर्यादा ओलांडली की चाक घसरते.

हिशेब साधा आहे. घर्षणाचा आकडा, गुरुत्वाचा ९.८ हा आकडा आणि वळणाची त्रिज्या यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढले की दर सेकंदाला किती मीटर वेगापर्यंत गाडी न घसरता वळेल ते कळते. रबराचे चाक असून घर्षणाचा आकडा ०.९ धरला, तर १ मीटर त्रिज्येच्या वळणावर हा वेग जवळजवळ ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या आसपास येतो. चाक टणक प्लास्टिकचे असून आकडा ०.२ धरला, तर तोच वेग १.४ मीटर, म्हणजे ताशी ५ किलोमीटर होतो. माणसाच्या चालीइतका! म्हणून रबर काढायचे. गाडी सावकाश असतानाच घसरू लागते आणि चालवणाऱ्याला विचार करायला उसंत मिळते.

हे ०.९ आणि ०.२ आम्ही हिशेबासाठी धरले. तुमच्या गाडीचा खरा आकडा तुम्हीच काढा. एक उरलेली मोठी फरशी किंवा सनमायका लावलेली फळी घ्या. गाडीची चारही चाके चिकटपट्टीने अशी बांधा की ती फिरणार नाहीत. गाडी फळीवर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. गाडी घसरायला लागली की थांबा. टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा आणि त्या टोकाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून फळीच्या दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर मोजा. उंचीला अंतराने भागा. उंची २७ सेंटिमीटर आणि अंतर ९० सेंटिमीटर आले, तर आकडा ०.३ झाला. दहावीच्या त्रिकोणमितीत ‘टॅन’ म्हणून जे शिकवतात ते हेच. पाठ करताना कंटाळा आणणारी गोष्ट येथे हाताला लागते.

आधी गाडी ओळखा

स्वस्त खेळण्यांत बहुधा चाके एकतर पूर्ण डावीकडे वळतात, नाहीतर पूर्ण उजवीकडे. मधले काही नाही. वेगाचेही तसेच, बंद नाहीतर पूर्ण चालू. अशी गाडी घसरते, पण सावरता येत नाही. रिमोटचे चाक थोडे फिरवले तर गाडीची चाकेही थोडीच वळली पाहिजेत. दुकानात हे तपासूनच पैसे द्यावेत. अशा साध्या गाड्या काही हजार रुपयांत मिळतात. खास ड्रिफ्टसाठी सुट्या भागांतून जोडलेल्या हौशी गाड्यांचा खर्च मात्र कित्येक पटींनी अधिक असतो. त्या मागे लागण्याचे कारण नाही.

नंतर गाडी उचलून धरा, अलगद वेग द्या आणि कोणती चाके फिरतात ते पाहा. चारही फिरत असतील तर शिकाऊ हाताला ते सोपे. पुढची चाकेही ओढत असल्याने गाडी स्वतःला घसरणीतून बाहेर खेचते. फक्त मागची फिरत असतील तर गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरण्याचा संभव अधिक.

आणखी एक तपासणी करा. गाडी बंद ठेवून मागचे एक चाक हाताने फिरवा. दुसरे चाक उलट दिशेला फिरले तर आत ‘डिफरन्शियल’ आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही दातेरी चाकांची योजना. रस्त्यावरच्या मोटारीला ती हवीच. ड्रिफ्टला मात्र मागची दोन्ही चाके एकदम घसरायला हवीत, म्हणून ती जखडतात किंवा तिच्यात घट्ट ग्रीस भरतात. दुसरे चाक त्याच दिशेला फिरले तर काही करू नका, ती मुळातच जखडलेली आहे.

चाकांना पाइपाच्या कड्या

विकतची ड्रिफ्ट चाके टणक प्लास्टिकची असतात. आपल्याकडे शेतीच्या पाइपलाइनचे तुकडे पडलेले असतात, त्यांतून हे काम होते. एक दशांश आकाराच्या गाडीच्या चाकाचा बाहेरचा व्यास साधारण ६३ मिलिमीटर असतो. आपल्या शेतात ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप असतोच! लहान गाडी असेल तर पट्टीने चाक मोजा आणि त्या मापाचा बारीक पाइप शोधा.

चाकाच्या रुंदीच्या चार सारख्या कड्या आरीने कापा. कडा कानशीने घासा, मग पॉलिश पेपर फिरवा. कडी सैल बसली तर रिमवर चिकटपट्टीचे वेढे देऊन फट भरा. घट्ट असेल तर कढत पाण्यात थोडा वेळ ठेवली की पाइप नरम होतो आणि कडी बसते. हे काम मोठ्या माणसाने करावे. पाइप जाळावर किंवा चुलीवर कधीही धरू नये. पीव्हीसी जळताना निघणारा धूर विषारी असतो.

चारही चाके फिरणारी गाडी असेल तर चारही कड्या बसवा. फक्त मागची फिरणारी साधी गाडी असेल तर प्रथम मागेच बसवा आणि पुढे रबर राहू द्या. पुढच्या चाकांना थोडी पकड राहिली तरच ती गाडीचे तोंड वळवू शकतात.

उलटे सुकाणू आणि जायरो

मागची चाके घसरली की गाडीचे तोंड वळणाच्या आत जाते. सुकाणू तसेच धरून ठेवले तर गाडी स्वतःभोवती फिरते. म्हणून घसरणीच्या वेळी पुढची चाके उलट बाजूला वळवायची. गाडी उजवे वळण घेत असेल तर चाके डावीकडे. ऐकायला विपरीत वाटते, पण तर्क सरळ आहे. गाडीचे तोंड कुठेही असो, पुढची चाके प्रत्यक्ष जायच्या दिशेकडे पाहत राहिली पाहिजेत.

हे काम क्षणार्धात करावे लागते. म्हणून मागची चाके फिरणाऱ्या चांगल्या ड्रिफ्ट गाड्यांत जायरो नावाची छोटी डबी बसवतात. गाडी किती झपाट्याने फिरते आहे हे ती ओळखते आणि आपण होऊन चाके उलट वळवते. ती नीट लावली की नाही याची परीक्षा अशी : गाडी चालू करून उचला आणि तिचे तोंड हाताने झटकन उजवीकडे फिरवा. पुढची चाके डावीकडे वळली तर ठीक. उजवीकडे वळली तर जायरो उलटा आहे, त्यावरील दिशेची कळ बदला.

जायरोचा जोर कमी-अधिक करता येतो. जोर कमी पडला तर गाडी गरकन फिरते. जास्त झाला तर पुढची चाके थरथरू लागतात. भगवान बुद्धांनी सोण कोळिविस या भिक्षूला वीणेच्या तारांचा दाखला दिला होता, तो आपल्या वाचकांना ठाऊक आहे. तार अति ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही. चाके थरथरेपर्यंत जोर वाढवावा आणि मग थरथर थांबेल इतकाच मागे घ्यावा. मध्यम मार्ग येथे कानाने आणि डोळ्याने कळतो.

चार जागी जुळवणी

पहिली जागा वजनाची. बॅटरी मागे सरकवली की मागच्या चाकांवर भार येतो आणि गाडीला पुढे जायला जोर मिळतो. पुढे आणली की पुढच्या चाकांची पकड वाढते. अर्ध्या सेंटिमीटरनेही फरक दिसतो.

दुसरी जागा चाकांच्या झुकावाची. समोरून पाहिले असता पुढच्या चाकांचे माथे किंचित आत झुकलेले ठेवतात. पाच-सहा अंशांपासून सुरुवात करावी. मागे एक-दोन अंश पुरेत.

तिसरी जागा सुकाणूच्या कण्याच्या तिरपेपणाची. सायकलीचा पुढचा चिमटा बाजूने पाहा, तो सरळ उभा नसून तिरपा असतो. म्हणूनच सायकल नुसती सीट धरून ढकलली तरी पुढचे चाक बऱ्याच अंशी आपण होऊन सरळ राहते. मोटारीतही हा तिरपेपणा वाढवला की पुढची चाके जायच्या दिशेला स्वतःहून वळतात.

चौथी जागा स्प्रिंगची. घसरगाडीला मऊ स्प्रिंग मानवतात. ज्या बाजूची स्प्रिंग मऊ, त्या बाजूची पकड थोडी जास्त.

स्वस्त गाडीत या चारही सोयी नसतील. हरकत नाही. वजन तर प्रत्येक गाडीत सरकवता येते.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅटरी सरकवली, स्प्रिंगही बदलली आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली ते कधीच कळणार नाही. जमिनीवर खडूने १ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. दहा फेऱ्या मारा. किती फेऱ्या न गरगरता पूर्ण झाल्या ते वहीत लिहा. एक बदल करा. पुन्हा दहा फेऱ्या, पुन्हा नोंद. वर्तुळ जमले की इंग्रजी आठाचा आकडा काढा. भावाने रिमोट धरला तर बहिणीने वही धरावी, आणि दुसऱ्या दिवशी अदलाबदल करावी. मुलीच्या हाती कायम वहीच आणि मुलाच्या हाती कायम रिमोट, अशी वाटणी आपल्या घरात नको.

मोबाईलवर कोणी सांगितले म्हणून खरे नव्हे, मोठ्या भावाने सांगितले म्हणून नव्हे आणि या स्तंभात छापले म्हणूनही नव्हे. कालाम सुत्तात तथागतांनी केसपुत्तच्या लोकांना ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः जाणून घ्या असे सांगितले. दहा फेऱ्यांची वही म्हणजे तोच उपदेश रोजच्या वापरात आणणे होय.

बॅटरीची काळजी

घरात एखादी वस्तू धोक्याची असेल तर ती बॅटरी. लिथियमच्या दोन घटांची बॅटरी ७.४ व्होल्टची म्हणून विकली जाते. पूर्ण भरल्यावर ती ८.४ व्होल्ट दाखवते. एका घटाचा दाब ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. तिच्यासाठी दिलेलाच चार्जर वापरावा. रात्री चार्जिंगला लावून झोपू नये. गादीवर, गवताजवळ किंवा कुडाच्या भिंतीशी ठेवून चार्ज करू नये, फरशीवर ठेवावे. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला भिडतो, तेव्हा पत्र्याखाली किंवा उन्हात बॅटरी ठेवणे टाळावे. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, तिला टोचूही नये.

फरशीवरचे रस्त्यावर नको

एक गोष्ट आईवडिलांनी मुलांना बसवून सांगावी. घसरण्याची हौस फरशीवर भागवावी, रस्त्यावर कदापि नाही. आलापल्लीकडे जाणाऱ्या जंगलातल्या रस्त्यावर आणि नदीवरच्या पुलांवर तरुण मुले मोटारसायकली कशा पळवतात हे आपण पाहतो.

जो हिशेब खेळण्याला, तोच मोटारसायकलला. ताशी ६० किलोमीटर वेगात ब्रेक दाबला, तर कोरड्या डांबरावर घर्षण ०.७ धरून गाडी सुमारे २० मीटरवर थांबते. पावसाने घर्षण निम्मे झाले तर ४० मीटर लागतात. शिवाय ब्रेक दाबायचे मनात येऊन हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात १७ मीटर मागे पडलेले असतात. वर चिखल किंवा वाळू असेल तर विचारूच नका. चारचाकी खेळणे घसरले तर फिरून उभे राहते. दुचाकी घसरली तर सावरायला दुसरी संधी बहुधा मिळत नाही. ज्या मुलाने फळीवर गाडी ठेवून घर्षणाचा आकडा स्वतः काढला आहे, त्याला पावसात वेग कमी कर असे ओरडून सांगावे लागणार नाही. त्याने तो आकडा डोळ्यांनी पाहिलेला असतो.

हत्यारांची एक पेटी

आपल्या समाजाने हाताने पुष्कळ काम केले. पण ज्या हातांनी काम केले त्यांना शास्त्र शिकू दिले नाही, आणि ज्यांच्याकडे पोथ्या होत्या त्यांनी हत्याराला हात लावला नाही. जातिव्यवस्थेने ही फाळणी केली. बाबासाहेबांनी तिचे मर्म ओळखले होते. १९४२ साली व्हाईसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारी मदत मागितली. ते शिक्षण खर्चाचे आहे आणि आपल्या माणसाला ते परवडणारे नाही, हे त्यांनी जाणले होते. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला त्यांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा सिरोंचा त्याच चांदा जिल्ह्यात होता. पुढे १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचे ठिकाण आजही दोनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. मोठी प्रयोगशाळा जवळ नाही, म्हणून प्रयोगच नाही, असे मात्र होऊ नये.

घसरगाडीला गुळगुळीत, स्वच्छ आणि सपाट जमीन लागते. गोदावरी-प्राणहितेच्या वाळूत ती चालत नाही. शाळेचा व्हरांडा चालतो, समाजमंदिराची फरशीही चालते. आमची सूचना अशी आहे की विहार समितीची परवानगी घेऊन, वंदना आटोपल्यावर रविवारी दोन तास ती जागा मुलामुलींना द्यावी. विहाराच्या कपाटात धम्मग्रंथांच्या शेजारी हत्यारांची एक पेटी ठेवावी. दोन स्क्रूड्रायव्हर, एक पक्कड, एक कानस, एक आरी, मोजपट्टी आणि एक मल्टीमीटर, एवढ्यावर सुरुवात होते. हा खर्च वर्गणीतून सहज निघेल. आयटीआय केलेला वस्तीतला एखादा दादा किंवा ताई देखरेखीला बसली तर उत्तमच. गाडी एकाची असली तरी वही सर्वांची असावी, आणि ज्याला गाडी घेणे परवडत नाही त्याच्याही वाट्याला दहा फेऱ्या याव्यात.

ज्या विहार समित्या अशी पेटी सुरू करतील त्यांनी पहिल्या महिन्याची वही आमच्याकडे पाठवावी. किती फेऱ्या जमल्या आणि कोणत्या बदलाने जमल्या, ते आम्ही याच पानावर मुलांच्या शब्दांत छापू.

जयभीम.